साता समुद्रापारचं नातं: लग्नाच्या तारखेआधी व्हिसाचं बघा

मुलगा अमेरिकेत असतो म्हटलं की आपल्या घरांमधले पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कंपनी कुठली? पगार किती? घर स्वतःचं की भाड्याचं? इकडे वर्षाकाठी येणं होतं का? काही मावश्या तर तिकडे गव्हाचं पीठ चांगलं मिळतं का, इथपर्यंत जातात. पण त्या दोघांची पुढची दोन-चार वर्षं ज्या एका प्रश्नावर अवलंबून असतात, तो सहसा कोणी विचारत नाही. तो तिथे कोणत्या व्हिसावर आहे?

हे फक्त बघून-सवरून ठरवलेल्या लग्नांचं नाही. स्वतःच्या मनाने जमवलेल्या जोड्यांचंही तेच. कॉलेजात जुळलं, मग एक जण मास्टर्ससाठी गेला. किंवा ऑफिसच्या कॉलवर ओळख झाली आणि ती वाढत गेली. रात्री साडेबाराला 'गुड मॉर्निंग' म्हणायची सवय झाली, घरच्यांचा होकारही मिळाला, हॉल बुक झाला, पत्रिका छापून झाल्या आणि मग कोणीतरी विचारतं, "अरे, पण तू तिला घेऊन कधी जाणार?" तेव्हा कळतं की क्रम उलटा झालाय.

तुम्ही अशा नात्यात असाल किंवा तुमच्या घरात असं नातं जुळत असेल, तर पुढचं जरा सावकाश वाचा. कोणता व्हिसा मागायचा हे तुमच्या प्रेमावरून ठरत नाही, पलीकडच्या माणसाचं त्या देशात कायदेशीर स्थान काय आहे त्यावरून ठरतं. आणि कधीकधी लग्न एक महिना आधी झालं की नंतर, एवढ्यावर काही वर्षांचा फरक पडतो.

एकाच गल्लीतले तिघे

अमेरिकेचंच उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथलाच असतो. समजा, न्यू जर्सीत एकाच गल्लीत तीन मराठी मुलं राहतात. पहिला एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. दुसऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे. तिसरा अमेरिकेचा नागरिक आहे. तिघांच्याही होणाऱ्या बायका भारतात, एक नागपूरला, एक इंदूरला, एक बेळगावला. आधी कोण पोहोचेल?

बहुतेक लोक पैज नागरिकावर लावतात, नाहीतर ग्रीन कार्डवर. पण सहसा आधी पोहोचते ती एच-१बीवाल्याची बायको. लग्न झालं की ती एच-४ या अवलंबितांच्या व्हिसासाठी अर्ज करू शकते आणि या व्हिसाला वार्षिक कोटा नाही. त्याची किंमत मात्र वेगळ्या जागी मोजावी लागते. एच-४वर आपोआप नोकरी करता येत नाही. मे २०१५पासून काही एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो, पण त्यासाठी सर्वसाधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. तो नसेल तर नागपूरची सीए मुलगी तिकडे जाऊन घरी बसते. त्यामुळे एच-१बीवाल्या मुलाला पगार विचारण्याआधी 'आय-१४० झालाय का?' हे विचारा. प्रश्न रुक्ष वाटेल, पण त्याला तो लगेच समजेल.

ग्रीन कार्डवाल्याची गंमत अशी की लग्नाच्या बाजारात त्याचा भाव जास्त आणि बायकोची वाट पाहणंही जास्त. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदारासाठी एफ२ए नावाचा गट आहे, त्यात दर वर्षी ठरावीकच व्हिसा निघतात आणि रांग सध्या वर्षांमध्ये मोजावी लागते. तेवढा काळ बायको इकडे, नवरा तिकडे. मधल्या काळात टुरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ म्हणावं, तर तिच्या नावाने कायम राहण्याचा अर्ज आधीच पडलेला असतो. ही परत येईल याची खात्री अधिकाऱ्याला पटवणं कठीण होऊन बसतं.

आता तारखेची गोष्ट. नोकरीच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळणाऱ्या माणसाचं लग्न ते हातात पडण्याआधी झालेलं असेल, तर बायको त्याच अर्जाच्या आधारे त्याच्यामागून जाऊ शकते, तिला एफ२एच्या वेगळ्या रांगेत उभं राहावं लागत नाही. ग्रीन कार्ड झाल्यावर लग्न केलं, की रांग. 'आधी ग्रीन कार्ड होऊ दे, मग बार उडवू' असं म्हणणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ज्याचं ग्रीन कार्ड तोंडावर आलंय आणि लग्न ठरलंय, त्याने चार महिन्यांनंतरच्या चांगल्या मुहूर्तापेक्षा या महिन्यातल्या नोंदणी कार्यालयाचा विचार करायला हरकत नाही. धुमधडाक्याचा समारंभ नंतरही करता येतो.

नागरिकाकडे दोन रस्ते असतात. एक, लग्न करून जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसासाठी अर्ज. दुसरा, वाग्दत्त जोडीदाराचा के-१ व्हिसा, जो सिनेमांमुळे सगळ्यांना ठाऊक असतो आणि ज्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज असतात. के-१ फक्त अमेरिकी नागरिकालाच मागता येतो. ग्रीन कार्डवाल्याला नाही, एच-१बीवाल्याला तर नाहीच. अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. व्हिडिओ कॉल कितीही तास चालले असले तरी ते भेटीत धरत नाहीत. परंपरेमुळे लग्नाआधी भेटताच येत नाही अशांसाठी सवलत आहे, पण ती क्वचित मिळते. भेट अमेरिकेतच किंवा भारतातच व्हायला हवी असं मात्र नाही. भारतीयांना नेपाळला जायला व्हिसा लागत नाही आणि अमेरिकी पासपोर्टवाल्याला तो काठमांडूला उतरल्यावर मिळतो. तिथली चार दिवसांची भेट, तिकिटं, हॉटेलच्या पावत्या आणि पासपोर्टवरचा शिक्का यांवर अट पूर्ण होते.

के-१वर पोहोचल्यापासून ९० दिवसांत त्याच माणसाशी लग्न करावं लागतं, मग तिथे ग्रीन कार्डचा अर्ज. तो परवाना येईपर्यंत नोकरी नाही, भारतात चक्करही नाही. लग्न करून इमिग्रंट व्हिसावर जाणारी व्यक्ती मात्र उतरल्या दिवसापासून कायम रहिवासी असते, लगेच काम करू शकते. दोन वर्षांपेक्षा ताजं लग्न असेल तर पहिलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं असतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून त्यावरची अट काढून घेण्याचा अर्ज करायचा असतो. माझं मत विचाराल, तर लग्न भारतातच, चार नातेवाइकांसमोर करायचं ठरलेलं असेल तर के-१च्या नादी लागू नये. तो व्हिसा 'आमचं अजून लग्न झालेलं नाही' या एका वाक्यावर उभा आहे आणि आपल्याकडे साखरपुडासुद्धा लग्नासारखा होतो. हार घातलेले दोघं, मागे फुलांचा मंडप, समोर गुरुजी आणि दोनशे माणसं. असा फोटो पुराव्यात जोडलात तर समोरचा अधिकारी विचारणारच, हे लग्न नाही तर काय आहे?

ब्रिटन: पगाराचा आकडा आणि तो कोणाचा

ब्रिटनमध्येही तोच पहिला प्रश्न, पण उत्तरं वेगळी. जोडीदार तिथे मास्टर्सचा विद्यार्थी असेल तर त्याला तुम्हाला नेता येणार नाही. जानेवारी २०२४पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ही मुभा संशोधनाचा अभ्यासक्रम करणाऱ्यांनाच आहे, म्हणजे मुख्यतः पीएचडीवाल्यांना. केअर वर्करच्या व्हिसावर ११ मार्च २०२४नंतर गेलेल्यांनाही कुटुंब नेता येत नाही. गावाकडे एजंट अजूनही 'एक जण जा, सहा महिन्यांत दुसऱ्याला बोलवा' सांगत असेल तर त्याला ही तारीख दाखवा. पदवीच्या तोडीच्या नोकरीवर स्किल्ड वर्कर व्हिसा असलेला मात्र जोडीदाराला नेऊ शकतो आणि त्या जोडीदाराला तिथे नोकरीही करता येते.

समोरची व्यक्ती ब्रिटिश नागरिक किंवा तिथली कायम रहिवासी असेल तर पगाराची अट लागते. अनेक वर्षं ती वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४मध्ये २९,००० पौंड झाली. इथे मेख अशी की भारतातून अर्ज करताना तुमचा इथला पगार त्यात धरत नाहीत, तुम्ही पुण्यात कितीही कमावत असाल तरी. तिकडच्याचाच पगार लागतो. दोघांची शिल्लक मात्र चालते, पण फक्त शिल्लकीवर भागवायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात. वर तिथल्या आरोग्यसेवेसाठी दर वर्षाचे १,०३५ पौंड आगाऊ भरायचे. लग्नाच्या बजेटमध्ये केटररच्या वरच्या ओळीत हा खर्च लिहा, कारण केटररचा आकडा कमी करता येतो, हा येत नाही.

तिथे वाग्दत्तांसाठी सहा महिन्यांचा व्हिसा आहे, त्या मुदतीत लग्न करायचं आणि काम करायचं नाही. लग्न करून गेलात तर पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो, कामाची परवानगीही असते. लग्न न करता एकत्र असलेल्यांसाठीही मार्ग आहे. दोन वर्षांचं लग्नासारखंच पक्कं नातं दाखवावं लागतं. पूर्वी दोन वर्षं एका छताखाली राहिल्याचा पुरावा लागायचा, २०२४च्या सुरुवातीला ती अट सैल झाली. नोकरी-शिक्षणामुळे वेगळं राहणाऱ्यांसाठी हा खरोखर कामाचा बदल आहे.

कॅनडात 'सिंगल' म्हणून उतरू नका

कॅनडात वाग्दत्तांचा व्हिसा नाही. एक तर लग्न, नाहीतर १२ महिने सलग एकत्र राहिलेले जोडीदार, नाहीतर ज्यांना काही अडथळ्यामुळे एकत्र राहताच येत नाही असे निदान वर्षभराचे जोडीदार. जोडीदाराला बोलावण्यासाठी बहुतेक प्रांतांत किमान पगाराची अट नाही, ही ब्रिटनच्या तुलनेत मोठी सोय. विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना सरसकट मिळणारा कामाचा परवाना मात्र जानेवारी २०२५पासून आटला. आता तो मुख्यतः १६ महिने किंवा त्याहून मोठ्या मास्टर्सच्या, पीएचडीच्या आणि ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना मिळतो. कॉलेजच्या दोन वर्षांच्या साध्या डिप्लोम्यावर 'स्पाउस'ला नेण्याचं स्वप्न कोणी विकत असेल तर घेऊ नका.

कॅनडाबद्दल खरं सांगायचंय ते वेगळंच. आपल्याकडे बरीच मुलंमुली घरच्यांना न सांगता नोंदणी पद्धतीने लग्न करून ठेवतात. 'नंतर सगळ्यांसमोर पुन्हा करू' हा बेत. मग त्यातला एक जण कायम रहिवासाचा अर्ज भरतो आणि वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'अविवाहित' लिहितो, कारण घरच्यांना कागद दिसतील किंवा एजंट म्हणतो असं सोपं जातं. कॅनडाचा नियम असा आहे की कायम रहिवास मिळवताना ज्या कुटुंबीयाची माहिती दिली नाही आणि त्यामुळे ज्याची तपासणी झाली नाही, त्याला नंतर कुटुंब म्हणून बोलावता येत नाही. अपवाद आहेत, पण ते मोजके. म्हणजे ज्या बायकोसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच कायमची बाहेर राहण्याची वेळ येते. अर्ज चालू असताना लग्न झालं तर तेही कळवावं लागतं, व्हिसा हातात असला आणि विमानाचं तिकीट काढलेलं असलं तरी.

खोटेपणाची शिक्षा प्रत्येक देशात आहे आणि ती नकारापुरती थांबत नाही. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं बंदी. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी ती दहा वर्षांपर्यंत जाते. अमेरिकेत ती आयुष्यभराची असू शकते. 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडेच लग्न कर, मग बघू' हा सल्ला देणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत लग्न करून परत येण्यात बेकायदा काही नाही. तिथेच राहायचं मनात ठरवून 'फिरायला चाललोय' सांगणं, हा गुन्ह्यासारखा प्रकार.

एकत्र राहिल्याचा पुरावा आणायचा कुठून?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे नियम वाचताना भारतीय जोडपी इथेच अडतात. लग्नाशिवायच्या नात्यासाठी ऑस्ट्रेलियात साधारण १२ महिन्यांचं एकत्र आयुष्य दाखवावं लागतं आणि न्यूझीलंडमध्ये कायम रहिवासासाठी १२ महिने एकत्र राहिलेलं असावं लागतं, लग्न झालेलं असलं तरीही. साताऱ्यात आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या मुलीने हे कसं दाखवायचं?

ऑस्ट्रेलियात लग्न झालेल्यांना ही १२ महिन्यांची अट नाही. शिवाय तिथे लग्न ठरलेल्यांसाठी सबक्लास ३०० नावाचा व्हिसा आहे, ९ ते १५ महिन्यांचा. त्यावर जाऊन कामही करता येतं. मुदतीत लग्न करून पुढचा पार्टनर व्हिसाचा अर्ज तिथूनच करायचा. मात्र १८ वर्षं पूर्ण झाल्यानंतर दोघं प्रत्यक्ष भेटलेले असायला हवेत. ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसाची फी जगातल्या सगळ्यात महागड्या फींपैकी आहे, नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. अर्ज फेटाळला गेला तर ती परत मिळत नाही, म्हणून अर्धवट कागदांवर घाईने अर्ज करू नका.

न्यूझीलंडमध्ये एक मजेशीर पेच आहे. २०१९मध्ये तिथल्या भारतीयांनी तक्रार केली की लग्नाआधी एकत्र राहणं आमच्या रीतीत बसत नाही, मग आमच्या बायका येणार कशा? त्यानंतर घरच्यांनी ठरवलेल्या लग्नांसाठी असलेला खास व्हिजिटर व्हिसा परदेशात लग्न करून येणाऱ्यांसाठीही खुला झाला. तो लग्न पारंपरिक पद्धतीने दुसऱ्यांनी जुळवलेलं असेल तरच मिळतो. प्रेमविवाह करणाऱ्यांनी एकत्र राहिल्याचा पुरावा द्यायचा आणि कांदेपोहेवाल्यांना स्वतंत्र खिडकी! आजीला हे नक्की वाचून दाखवा.

जर्मनी आणि शेजारी

जर्मनीत पगाराइतकीच भाषा महत्त्वाची. तिकडच्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाण्यासाठी साधारणपणे जर्मन भाषेची ए१ परीक्षा पास व्हावी लागते. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवनात हे वर्ग आणि परीक्षा होतात. आपल्याला तो-ती-ते या तीन लिंगांची सवय असते, त्यामुळे डेअर-डी-डासला मराठी माणूस घाबरत नाही, एवढाच काय तो फायदा. जोडीदाराकडे ईयू ब्लू कार्ड असेल तर मात्र ही परीक्षा लागत नाही. म्हणजे इथेही पुन्हा तोच प्रश्न, तो किंवा ती कोणत्या कार्डावर आहे? कुटुंब म्हणून गेलेल्या जोडीदाराला जर्मनीत नोकरीची मुभा असते, ही मोठी जमेची बाजू.

वय विशीच्या आसपास असेल तर आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. भारतात मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण झाली की लग्न कायदेशीर, पण ते सगळ्या देशांना जोडीदाराच्या व्हिसासाठी पुरत नाही. नेदरलँड्समध्ये सर्वसाधारणपणे दोघांचंही वय किमान २१ लागतं. डेन्मार्कमध्ये, तिथल्या नागरिकाकडे जायचं असेल तर दोघं २४ वर्षांचे असावेत असा नियम आहे.

दुबई, अबू धाबीकडे लग्नाचं प्रमाणपत्र साक्षांकित झालेलं असलं आणि तिकडच्याचा पगार ४,००० दिरहॅम, किंवा घर धरून ३,००० असला, की त्याला बायकोला बोलावता येतं. तिथे लग्नाशिवायच्या नात्याला फॅमिली व्हिसा नाही.

कागदांत अडकणारी आपली रीत

परदेशी अधिकाऱ्याला तुमच्या नात्याविषयी काहीच ठाऊक नसतं, त्याला कागद दिसतात. म्हणून आत्तापासून साठवा. एकमेकांकडे गेल्याची तिकिटं, बोर्डिंग पास, एकत्र फोटो (नुसते सेल्फी नकोत, दोघांच्या घरच्यांसोबतचे हवेत), वाढदिवसाला पाठवलेल्या भेटीची पावती, कॉलच्या नोंदी. तीन हजार पानांचं चॅट छापून कोणी वाचत नाही. दर महिन्याचे दोन-तीन स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवले तरी नात्याची लांबी दिसते. भांडणाचेही ठेवा. सतत 'मिस यू'पेक्षा 'आईंना फोन का नाही केलास' हे जास्त खरं वाटतं.

आळंदीला जाऊन लग्न केलं असेल, तर संस्थेने दिलेला कागद व्हिसासाठी पुरेसा नाही. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानुसार लग्नाची सरकारी नोंदणी करून मिळालेलं प्रमाणपत्र लागतं. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत ही नोंदणी होते. त्यावर पुढे ॲपॉस्टिल लागेल का, हे त्या त्या देशावर अवलंबून.

आणि आपली खास मराठी अडचण. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. वंदनाची वैदेही होते, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. म्हणजे एका संध्याकाळी तीनही शब्द बदलले! त्यानंतर लग्नाच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, पदवीवर तिसरं आणि परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बायका. लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने बंधनकारक नाही. तांदळात हवं ते लिहा, हौस करा, पण सरकारी कागदांवर व्हिसा होईपर्यंत पासपोर्टवरचंच नाव चालू ठेवा. सासूबाईंना हे समजावण्याचं काम नवऱ्याने करावं, नवरीवर टाकू नये.

दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असेल, तर घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा लग्नाआधी बघा. 'प्रोसेस चालू आहे' म्हणजे घटस्फोट झालेला नाही. तसं केलेलं दुसरं लग्न भारतातही टिकत नाही आणि व्हिसालाही चालत नाही.

ती परदेशी, आणि येणार इकडे

प्रत्येक गोष्ट तिकडे जाण्याचीच नसते. कोल्हापूरच्या मुलाची पोलंडची मैत्रीण इकडे यायला तयार असू शकते. एक जण परदेशी नागरिक आणि वेगळ्या धर्माचा असेल तर भारतात लग्न साधारणपणे १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली होतं. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी निदान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं आणि सहीच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. ती महिनाभराच्या टुरिस्ट व्हिसावर येणार असेल तर गणित आधीच चुकलं. तिच्या देशाच्या वकिलातीकडून ती अविवाहित असल्याचा दाखलाही मागतात, तो तिने येण्याआधी काढलेला बरा.

लग्नानंतर भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला एक्स प्रकारचा एंट्री व्हिसा मिळतो. नोंदणी झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलं की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ओसीआय असलं की इथे राहायला आणि बहुतेक नोकऱ्या करायला वेगळा व्हिसा लागत नाही. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व असलेल्या किंवा आधी असलेल्या व्यक्तीला मात्र ओसीआय मिळत नाही.

समलिंगी जोडप्यांसाठी भारतातला हा रस्ता बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात अशा लग्नाला मान्यता दिली नाही. पण अमेरिकेचा के-१, ऑस्ट्रेलियाचा ३००, ब्रिटनचे वाग्दत्त आणि पार्टनर व्हिसा हे सगळे अशा जोडप्यांनाही त्याच अटींवर मिळतात. आपल्या देशात लग्नच करता येत नाही, अशांसाठी कॅनडाचा 'अडथळ्यामुळे एकत्र राहता न आलेले जोडीदार' हा गट उपयोगाचा आहे.

जाण्याआधी तिच्या हातात काय असावं

जोडीदाराच्या नावावर मिळालेला व्हिसा हा त्याच्या नोकरीला आणि त्याच्या मनाला बांधलेला असतो. एच-४वर गेलेल्या बायकोच्या नवऱ्याची नोकरी गेली की तिचा व्हिसाही डळमळतो. लग्न मोडलं तर अनेक देशांत राहण्याचा आधारच जातो. हे बोलणं अभद्र वाटेल, पण आईवडिलांनी हळदीच्या आधी बोलून घ्यावं असंच आहे. (नवरा बायकोच्या व्हिसावर जात असेल तर त्याच्यासाठीही हेच.)

पासपोर्ट स्वतःकडे ठेवायचा, 'मी नीट ठेवतो' म्हणणाऱ्याकडेही द्यायचा नाही. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचं प्रमाणपत्र आणि जोडीदाराच्या व्हिसाचे कागद स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर आणि माहेरी एक प्रत. परतीच्या तिकिटाएवढे पैसे स्वतःच्या खात्यात. छळ होत असेल तर गप्प बसून व्हिसा टिकवण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या जोडीदारांसाठी स्वतंत्र सवलत आहे आणि अमेरिकी नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ सोसणाऱ्या जोडीदाराला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष परदेशी लग्नांतल्या तक्रारी घेतो आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरून तिथल्या भारतीय दूतावासापर्यंत तक्रार पोहोचवता येते. दोन्हींचे पत्ते जाण्याआधीच फोनमध्ये सेव्ह करा, आणि आईच्या फोनमध्येही.